तंबोरा दुरुस्त होईल, दप्तरातल्या झाकणाकडे आधी बघा

वाचकाचं पत्र

नमस्कार,

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. घरात मी, माझे यजमान, सासरे आणि दुसरीत शिकणारा सात वर्षांचा मुलगा. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्या गायच्या. पंचवटीतला वाडा सोडताना बरंच सामान वाटून टाकलं, पण त्यांचा तंबोरा मात्र जपून आणला आणि सासऱ्यांच्या खोलीत ठेवला.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मुलाने गवसणी काढली आणि आजी धरायची तसा तंबोरा धरायला गेला. शेजारचा मित्र समोर बसला होता. मुलाचा तोल गेला, भोपळ्याला मोठी चीर पडली आणि एक तुकडाच निघाला. आवाज ऐकून मी धावत गेले आणि काही न विचारता त्याला दोन थोबाडीत दिल्या, मित्रासमोरच. "आजीची एवढी एकच आठवण उरली होती, तीही मोडलीस," असंही बोलून गेले. यजमान दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. सासरे म्हणाले, "जाऊ दे गं, वस्तूच ती." पण तेव्हापासून ते दुपारी स्वतःच्या खोलीत न जाता हॉलमध्येच आडवे होतात.

आता मुलगा पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतः भरून घेत नाही. कुठे काही वाजलं की आधी "मी नाही केलं" म्हणतो. परवा त्याच्या दप्तराच्या तळाशी डब्याचं फुटलेलं झाकण सापडलं, वहीच्या कागदात गुंडाळलेलं. यजमान म्हणतात, वस्तूची किंमत कळायलाच हवी, म्हणून दिवाळीला कबूल केलेली सायकल रद्द. मला ते पटत नाही. पण तंबोरा खरंच मोलाचा होता, मग "काही हरकत नाही" असं तरी कसं म्हणू? आणि पुन्हा असं काही झालं तर त्या क्षणी राग आवरायचा कसा?

– एक आई, नाशिक

उत्तर

प्रिय ताई,

आधी तंबोऱ्याचं बोलू, कारण त्यात उशीर नको. तारा अजून ताणलेल्या असतील तर आजच खुंट्या सैल करा. चारही तारांचा ओढा चिरलेल्या भोपळ्यावर येत राहिला तर चीर पुढे सरकते. निघालेला तुकडा आणि खाली पडलेल्या बारीक कपच्या एका डब्यात भरून ठेवा. घरात सापडेल तो गोंद लावू नका. झटपट चिकटणारा गोंद कडांवर वाळला की कारागिराला तो खरवडावा लागतो आणि खरवडताना कडाच झिजतात. सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि मिरजेला चौकशी करा. तिथल्या सतारमेकरांच्या घरांत हे काम दीडशेहून अधिक वर्षं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे येतात पंढरपूरकडच्या शेतांतून, आणि वाळलेला भोपळा किती नाजूक असतो हे त्या मंडळींना कोणी सांगायला नको. प्रवासात किंवा मैफलीला नेता-आणताना चिरलेले तंबोरे त्यांच्याकडे येतच असतात. नाद अगदी पहिल्यासारखा लागेल का, ते तंबोरा हातात घेतल्यावर कारागीरच सांगेल. पण भोपळा चिरला म्हणजे तंबोरा कायमचा गेला, असं मुळीच नाही.

हे सुरुवातीलाच लिहिलं, कारण तुमच्या पत्रातून असं जाणवतं की घरातल्या सगळ्यांनी महिनाभर ती वस्तू 'गेली' असंच धरलं आहे. मुलानेही तेच धरलं असणार. तंबोऱ्याला मिरज आहे. दप्तरातल्या झाकणाची काळजी मात्र घरातच घ्यावी लागेल, आणि मला तीच जास्त वाटते.

तुम्ही लिहिलंत, "आजी धरायची तसा तंबोरा धरायला गेला." आजी गेल्या तेव्हा हा पाच वर्षांचा होता. त्या वयातलं बहुतेक सगळं मुलं विसरतात. याच्या मात्र लक्षात राहिलं की आजी कशी बसायची, भोपळा कुठे टेकायची, हात कुठे असायचा. ते त्याला मित्राला दाखवायचं होतं. म्हणजे तुम्ही धावत आलात तेव्हा त्या खोलीत आजीची आठवण काढणारा एक मुलगा बसला होता, आणि त्याला ऐकायला मिळालं की आजीची आठवण त्यानेच मोडली. ताई, दोन थोबाडीत त्याला लागल्या असतील, पण हे वाक्य जास्त लागलं असणार. सात वर्षांचं मूल "आईच्या तोंडून रागात निघून गेलं" असा हिशेब करत नाही. आई म्हणाली, म्हणजे ते खरंच आहे.

आता जरा त्याच्या अंगाने विचार करा. दुसरीतल्या मुलाची उंची साधारण चार फूट. तंबोरा चार-पाच फुटांचा. भोपळ्याचा तळ गोल, त्यामुळे तो स्वतःहून उभा राहत नाही, आणि वरची दांडी लांब; जरा कलला की आवरायला मोठ्या माणसाचा हात लागतो. आजींचा हात त्याला वर्षानुवर्षांच्या रियाजाने सरावला होता. या मुलाने आजीला पाहिलं होतं, वजन कधी पेललं नव्हतं. डोळ्यांना सोपं दिसणारं काम हाताला किती जड जातं, हे करून पाहिल्याशिवाय कळतच नाही. शिवाय मेंदूचा पुढचा भाग, जो "थांब, हे पडू शकतं" अशी पुढची पायरी आधी दाखवतो, तो पूर्ण पक्व व्हायला वयाची पंचविशी यावी लागते. मग सात वर्षांच्या मुलाने गवसणी सोडताना एवढा पुढचा विचार कसा करावा?

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांच्या नैतिक समजेचा अभ्यास १९३२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ते मुलांना दोन गोष्टी सांगत. एक मुलगा जेवायला बोलावलं म्हणून दार ढकलून आत येतो. दारामागे कपांचा ट्रे आहे हे त्याला ठाऊकच नसतं, आणि पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा आई बाहेर गेलेली पाहून लपून जॅम घ्यायला खुर्चीवर चढतो, आणि त्याच्या हातून एक कप फुटतो. जास्त वाईट कोण वागलं? लहान मुलांपैकी अनेकांचं उत्तर, पंधरा कपवाला. मोठी मुलं मात्र मनात काय होतं ते बघतात आणि जॅमवाल्याकडे बोट दाखवतात. पुढच्या संशोधकांना असंही दिसलं की हेतू नीट उलगडून सांगितला तर त्याहून लहान मुलांनाही तो कळतो.

महागाची वस्तू फुटली की आपण मोठी माणसंही कप मोजायला लागतो. स्टीलचा पेला पडला तर "उचल" म्हणून पुढे जाणारे आपण, तेवढ्याच धांदरटपणाने टीव्हीची काच गेली तर हात उगारतो. मुलाने केलं ते एकच असतं, बिल वेगळं असतं. आणि वस्तूची किंमत मुलाने ठरवलेली नसते. तंबोरा सासूबाईंचा होता, त्या आता नाहीत, वाडाही सुटला, हे सगळं ओझं त्या एका चिरेत येऊन बसलं आणि ते एका सात वर्षांच्या पोराच्या नावावर लिहिलं गेलं. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि तुम्हालाही मनातून तसंच वाटतं आहे, नाहीतर तुम्ही पत्र लिहिलंच नसतं.

मग त्याची चूक काहीच नाही का? आहे, पण छोटी. न विचारता गवसणी काढली. तेवढंच त्याला सांगायचं, तेवढ्याच आवाजात. "आजीचा तंबोरा बघायचा असेल तर मला किंवा आजोबांना हाक मार, आपण मिळून काढू." यापेक्षा जास्त नको. घरात क्रिकेट खेळायचं नाही असं ठरलेलं असताना चेंडूने काच फुटली असती तर मी वेगळं लिहिलं असतं. तिथे ठरलेला नियम मोडला जातो आणि चेंडू काही दिवस कपाटात जाणं योग्य ठरतं. रागाने मुद्दाम फेकून फोडलं असतं तर त्याहून वेगळं. तेव्हा राग कशाचा होता ते आधी शोधावं लागतं. तिन्हींना एकच शिक्षा दिली तर मुलाला एवढंच कळतं की काही फुटलं की मार बसतो. सांभाळून वागायचं म्हणजे काय, ते कळत नाही.

तुम्ही विचारलंय, "काही हरकत नाही" कसं म्हणू? म्हणूच नका. ते खोटं आहे, आणि आजोबा त्या खोलीत जात नाहीत हे बघणाऱ्या मुलाला ते खोटं लगेच कळेल. खरं तेच सांगा, फक्त त्याचं ओझं त्याच्यावर टाकू नका. एखाद्या संध्याकाळी, गडबड नसेल तेव्हा, त्याच्याजवळ बसून बोला. शब्द तुमचे असू द्या, पण साधारण असे:

"त्या दिवशी मी तुला मारलं. मी तसं करायला नको होतं. तुझ्या मित्रासमोर मारलं, तेही चुकलं. मला आजीची खूप आठवण आली आणि मी रागावले. आणि मी म्हणाले ना, की तू आजीची आठवण मोडलीस, ते खरं नव्हतं. आजी कशी बसायची ते तुला आठवतं, म्हणजे आठवण तुझ्याकडे आहेच. तंबोऱ्याला चीर पडली आहे. ती आपण दुरुस्त करून घेणार आहोत, आणि त्यासाठी मला तुझी मदत लागणार आहे."

बस. यानंतर "पण तूही नीट धरायला हवा होतास" असं शेपूट जोडू नका. शेपूट जोडलं की मूल फक्त शेपूटच ऐकतं. तो लगेच गळ्यात पडेल असं नाही. कदाचित "मी खेळायला जाऊ?" म्हणेल. जाऊ द्या, ऐकलेलं असतं. घरातलं कोणी म्हणेल की मुलाची कसली माफी मागायची, डोक्यावर बसेल. मी इतकंच म्हणेन की माफी मागायची कशी हे मूल पाहून शिकतं, आणि घरात कोणी कधी मागितलीच नाही तर त्याने ती कुठून शिकावी? शाळेत मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हींवर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. हेच त्याच्या बाईंनी वर्गासमोर केलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन जाब विचारला असता, आणि ते बरोबरच झालं असतं.

तो मित्रही विसरू नका. तोही घाबरून घरी गेला असेल. त्याला पुन्हा बोलवा, पोहे करा, दोघांशी नेहमीसारखं बोला. मित्र पुन्हा घरी आला, यातून तुमच्या मुलाला जो दिलासा मिळेल तो आपल्या समजावण्याने मिळणार नाही.

आता ते झाकण.

मुलं खोटं बोलायला लागली की आपल्याला संस्कार हातचे निसटल्यासारखे वाटतात. पण तुमचा मुलगा खोटारडा झालेला नाही, तो घाबरलेला आहे. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली यांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका शाळेत छोट्या-मोठ्या चुकांना मारण्याची पद्धत, दुसरीत नाही. मुलांना सांगितलं, मागे ठेवलेलं खेळणं वळून बघायचं नाही, आणि मोठं माणूस बाहेर गेलं. दोन्हीकडच्या बहुतेक मुलांनी बघितलंच, ते वयच तसं. पण मारणाऱ्या शाळेतली मुलं "नाही बघितलं" असं जास्त प्रमाणात म्हणाली, आणि ते खोटं त्यांनी जास्त सफाईने टिकवलं. धाकाने वळून बघणं थांबलं नाही, लपवणं पक्कं झालं.

तुमच्याकडे ही सुरुवात आहे. कागदात गुंडाळून ठेवलेलं झाकण म्हणजे अजून सफाई नाही. सफाई असती तर ते शाळेच्या कचराकुंडीत गेलं असतं. त्याने ते घरी आणलं आणि तुम्हाला सापडेल अशा जागी ठेवलं. मला तर वाटतं, कुणाला तरी ते सापडावं असंही त्याच्या मनात कुठेतरी असेल. त्यामुळे "हे काय आहे? कोणी केलं? खरं सांग!" अशी उलटतपासणी अजिबात नको. आपल्याला उत्तर माहीत असताना विचारलेला प्रश्न म्हणजे मुलाला खोटं बोलायला दिलेलं आमंत्रण. त्याऐवजी सरळ सांगा: "डब्याचं झाकण फुटलेलं सापडलं मला. फुटतं कधी कधी. भाजी सांडून दप्तर खराब व्हायला नको, म्हणून लगेच सांगत जा, आपण दुसरं आणू." मग मेन रोडला किंवा जवळच्या भांड्यांच्या दुकानात त्याला घेऊन जा, नवा डबा त्याला निवडू द्या, या खेपेला स्टीलचा. आणि पुढे कधी तो स्वतःहून येऊन "आई, हे माझ्याकडून फुटलं" म्हणाला, तर फुटलेल्या वस्तूकडे बघण्याआधी म्हणा, "सांगितलंस ते फार बरं केलंस." वस्तूचं पुढे बघता येईल.

तुमच्या यजमानांबद्दल मला थोडं सावकाश लिहायचं आहे, कारण पत्रात ते कडक दिसत असले तरी मला ते दुःखी दिसतात. तंबोरा त्यांच्या आईचा. लहानपणी त्याच स्वरांत ते झोपले असतील, वाड्यात सकाळी तेच कानावर पडलं असेल. आई गेल्यावर पुरुषांना आपल्याकडे फार रडू देत नाहीत. दहाव्या-बाराव्याची धावपळ, कागदपत्रं, वाड्याचा व्यवहार, यातच ते अडकतात. मग दोन वर्षांनी भोपळा चिरतो आणि सगळं वर येतं, तेही "किंमत कळायला हवी" या शब्दांत. त्यांच्याशी शिक्षेवर वाद घालण्याआधी आईबद्दल बोला. मुलगा झोपल्यावर, दोघंच. "तुम्हाला आईंची आठवण येते ना?" एवढ्यानेही सुरुवात होते. आणि मग सांगा की दोन दिवसांचा अबोला त्या मुलाला कसा वाटला असेल. माराची वेळ संपते. अबोला कधी संपणार हे मुलाला माहीत नसतं, त्यामुळे तो प्रत्येक जेवणाला बाबांच्या तोंडाकडे बघत राहतो.

किंमत कळायला हवी, हे यजमानांचं म्हणणं मी टाकाऊ मानत नाही. कळायलाच हवी. पण सायकल काढून घेतल्याने सायकलची किंमत कळेल, तंबोऱ्याची कशी कळेल? ती कळायची असेल तर तंबोऱ्याच्या जवळ जावं लागेल. म्हणून दुरुस्तीत त्याला सुरुवातीपासून घ्या. कपच्यांच्या डब्यावर त्याला चिठ्ठी लिहू द्या. फोटो काढताना कापड धरू द्या. आणि जमलं तर दिवाळीच्या सुट्टीत त्याला आणि आजोबांना घेऊन मिरजेलाच जा. भोपळे टांगलेले, दांड्या तासल्या जात आहेत, कोणीतरी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, जवारी लावत, म्हणजे ती घासून नाद जुळवत बसलं आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहावं. आपल्याकडून चिरलेली वस्तू कोणी हातात घेतो, उलटून-पालटून बघतो आणि ओरडत नाही, कामाला लागतो, हे त्याला दिसू द्या. एवढ्या लांब जाणं परवडणारं नसेल तर फोनवर कारागिराशी बोलताना त्याला शेजारी बसवा. चीर केवढी आहे ते त्यालाच मोजून सांगू द्या. दुरुस्तीच्या खर्चात त्याच्या गल्ल्यातले दहा-वीस रुपये घालायचे असतील तर त्याला विचारून घ्या, आणि तो हो म्हणाला तरच. दंड म्हणून नको.

प्रवासात आजोबांना बोलायला भरपूर मिळेल. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्कर गाणं शिकले मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. पुढे ते नाशिकला राहिले, आणि त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ मध्ये नाशिकलाच जन्मले. नाशिकच्या मुलाने तंबोऱ्यासाठी मिरज गाठणं यात नवल काही नाही, हे त्याला जरूर सांगा. सात वर्षांच्या मुलाला आपण एखाद्या मोठ्या गोष्टीचा भाग आहोत हे फार आवडतं.

आजोबांना आणखी एक विनंती माझ्या वतीने करा. "वस्तूच ती" हे त्यांनी नातवाच्या मायेपोटी म्हटलं, त्यांचे उपकारच आहेत. पण ते खोलीत जात नाहीत याचा अर्थ मुलगा आपल्या परीने लावतो: आजोबा माझ्यावर रागावले आहेत. त्यांनी एक दिवस त्याला स्वतः हाताला धरून खोलीत न्यावं. गवसणी दोघांनी मिळून काढावी. खुंटी कुठली, घोडी कुठली, आजी तारांखाली बारीक दोरा का सरकवायची, ते दाखवावं, आजी रियाजाला किती वाजता बसायची ते सांगावं. डोळे भरून आले तरी चालेल. आजोबांना वाईट वाटतं आहे आणि तरी ते माझ्याशी बोलत आहेत, हे दोन्ही एकत्र पाहायला मिळालं की त्या मुलाच्या छातीवरचं दडपण उतरायला लागेल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. राग येणारच, तो यायचा थांबवता येत नाही. त्या पहिल्या काही क्षणांत तोंडातून काय निघतं आणि हात कुठे जातो, तेवढं मात्र तयारीने बदलता येतं. त्यासाठी पहिलं वाक्य आत्ताच ठरवून ठेवा: "लागलं का तुला?" काहीही पडो, फुटो, हेच वाक्य. याचे दोन फायदे. एक म्हणजे काच असेल तर खरोखरच लागलेलं असू शकतं. मग "हलू नकोस, मी चप्पल आणते" हे ओघाने येतं. दुसरा म्हणजे हे विचारताना तुम्हाला वस्तूकडे नव्हे, मुलाकडे बघावं लागतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला दिसला की अर्धा राग तिथेच उतरतो. हात उचलला जाईल असं वाटलं तर दोन्ही हातांनी ओट्याची कड घट्ट धरा, किंवा पाठीमागे बांधा. ऐकायला किरकोळ वाटेल, पण गुंतलेला हात उगारला जात नाही.

त्यानंतर राग गिळून गोड बोलायचा प्रयत्न नको. दात आवळून केलेलं "असू दे बाळा" मुलांना जास्त भीतीदायक वाटतं. सांगा, "मला राग आला आहे आणि वाईटही वाटतंय. मी दहा मिनिटं गॅलरीत बसते, मग येते." आणि दहा मिनिटांनी खरोखर या. अबोला आणि हे यात एवढाच फरक आहे की इथे परत येण्याची वेळ सांगितलेली असते. आल्यावर "का केलंस?" नको, कारण अपघाताला 'का' नसतो आणि मूल उत्तर शोधता शोधता काहीतरी बनवून सांगतं. "काय झालं, सांग बरं" एवढं पुरे. मग आवरणं, त्याच्या वयाला झेपेल तेवढं त्याच्याकडून: पाणी पुसणं, सुपली धरणं, कागद गोळा करणं. काच तुम्ही उचला.

संध्याकाळी सात-साडेसातची वेळ सांभाळा. ऑफिस, स्वयंपाक, अभ्यास, सगळं तेव्हाच येऊन आदळतं, आणि तेव्हाच काहीतरी सांडतं. त्या वेळी आपण थकलेलो असतो आणि मूलही थकलेलं असतं. नाजूक वस्तू त्या वेळी त्याच्या वाटेत नसतील एवढं बघता येतं.

पण म्हणून सगळंच उचलून माळ्यावर टाकू नका. जे कधी हातातच मिळत नाही ते सांभाळायला शिकणार कसं? तुमच्या मुलाने पाण्याचा ग्लाससुद्धा सोडला आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करा. आजोबांसाठी अर्धा ग्लास पाणी न्यायला सांगा. पूर्ण नको, अर्धा. सांडलं तर फडकं कुठे आहे ते त्याला माहीत असू द्या आणि तुम्ही जागेवरून उठू नका. मग आमटीची वाटी, मग ताट. दिवाळीआधी पितळी समया आणि तांब्याचे गडू चिंच लावून घासायला त्याला बसवा. जड, जुनी, मोलाची वस्तू हातात धरायची सवय अशीच होते. त्या समया आजींच्या असतील तर फारच छान, कोणत्या दिवशी कुठली लागायची ते सांगत सांगत घासा.

एवढं करूनही काही आठवडे गेले आणि तो झोपेत दचकतोय, अंथरूण ओलं करायला लागलाय, शाळेत जायला नको म्हणतोय किंवा जेवण कमी झालंय असं दिसलं, तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना सांगा आणि मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाचं नाव त्यांच्याकडून घ्या. तसं होईलच असं मला वाटत नाही. आईने विचारपूस केली आणि घर पुन्हा बोलायला लागलं की बहुतेक मुलं लवकर सावरतात.

सायकल मात्र दिवाळीला आणा. ती कबूल केलेली होती, आणि मोठ्यांनी दिलेला शब्द मुलाच्या हातून भोपळा चिरला म्हणून मोडत नाही. यजमानांना म्हणावं, दुकानात तुम्हीच त्याला घेऊन जा, फक्त तुम्ही दोघं. मिरजेहून काय उत्तर आलं ते मला जरूर कळवा.